उडालेले पत्रे आणि शाबूत दिसणारे छप्पर

प्रश्न : आमचे घर एकमजली आहे. विटांच्या भिंती, वर लाकडी वाशांवर लोखंडी पत्र्याचे दुपाखी छप्पर आणि पुढच्या बाजूला नंतर वाढवलेला, लोखंडी पाइपांवर उभा असलेला रुंद व्हरांडा, अशी त्याची रचना आहे. पंधरवड्यापूर्वीच्या वादळात व्हरांड्यावरचे जवळजवळ सगळे पत्रे उडाले, त्यांच्यापाठोपाठ लागून असलेल्या दोन खोल्यांवरचेही काही गेले, पुढच्या खोलीच्या खिडकीची काच फुटली, भिंती वरपासून खालपर्यंत भिजल्या आणि आवारातले एक मोठे झाड घराकडे कलले. मिस्त्री म्हणतात की बाकीचे छप्पर ठणठणीत आहे, उडालेल्या जागी नवे पत्रे टाकून आणि जास्तीचे स्क्रू मारून दोन दिवसांत काम उरकतो. थोरले दीर म्हणतात की विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. यजमानांना निदान भिंती रंगवून घर राहण्याजोगे करायचे आहे. तिघांचे ऐकून मी गोंधळून गेले आहे. आधी काय करावे, आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी दिरांचे मत अर्धे बरोबर आहे, मिस्त्रींचे मत सोयीचे असले तरी धोक्याचे आहे, आणि यजमानांची रंगाची घाई तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रे उडाले हे नुकसान खरेच, पण ते का उडाले याचा पुरावा अजून तुमच्या छपरावर आणि आवारात पडून आहे. तो वाचल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे जुना दोष नव्या पत्र्याखाली झाकून ठेवणे होय. दुरुस्ती आणि पुढच्या वादळाची तयारी ही दोन वेगळी कामे आहेत असे समजू नका, कारण एकदा पत्रे बसले की खालचे सांधे पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

प्रथम दिरांच्या मुद्द्याबद्दल, कारण तो वेळेशी बांधलेला आहे. पुरावा नाहीसा होऊ देऊ नये, हे त्यांचे म्हणणे योग्य आहे. परंतु घरमालकाने पुढचे नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी अट बहुतेक विमा पॉलिसींमध्ये असते. वादळानंतर छप्पर उघडेच ठेवले आणि नंतरच्या पावसाने आणखी दोन खोल्या भिजल्या, तर त्या वाढीव नुकसानीची भरपाई नाकारायला कंपनीला कारण मिळते. म्हणून कंपनीला लेखी कळवा, दाव्याचा क्रमांक मागून घ्या, सविस्तर छायाचित्रे काढा, आणि मग तात्पुरते झाकण्याचे काम सर्व्हेअरची वाट न पाहता करून घ्या. त्यासाठी आणलेल्या सामानाच्या आणि दिलेल्या मजुरीच्या पावत्या जपून ठेवा. कायमस्वरूपी दुरुस्ती मात्र पाहणी झाल्यावरच सुरू करावी.

छायाचित्रे काढताना बहुतेक लोक नुसती मोडतोड टिपतात आणि ती नेमकी कोठली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक नुकसान तीन अंतरांवरून टिपावे. आधी घराची ती संपूर्ण बाजू, मग तेवढा भाग, आणि शेवटी मोजपट्टी शेजारी धरून अगदी जवळून. उडालेले पत्रे भंगारात देण्याची घाई करू नका. प्रत्येक पत्र्यावर खडूने क्रमांक घालून तो कोठे सापडला आणि मूळचा कोठला होता, हे एका कागदावर मांडून ठेवा. भिजलेल्या गाद्या, प्लायवुडची कपाटे, गालिचे अशा वस्तू घरात ठेवणे आरोग्याला बरे नाही. त्यांची छायाचित्रे, खरेदीची बिले आणि यंत्रांवरचे क्रमांक नोंदवून कंपनीला कळवावे आणि वस्तू घराबाहेर काढाव्यात. गालिचासारख्या वस्तूचा एखादा कापलेला तुकडा नमुना म्हणून ठेवला तरी पुरतो.

ताडपत्री टाकण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. छपरावरच्या भोकापुरतीच ताडपत्री टाकली तर वरून वाहत येणारे पाणी तिच्या वरच्या कडेखाली शिरते आणि ताडपत्री असूनही घर गळते. म्हणून तिची वरची कड आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर निदान मीटरभर उतरली पाहिजे. कडा लाकडी पट्टीभोवती दोन-तीन वेढे गुंडाळून ती पट्टी खालच्या वाशाला स्क्रूने आवळावी, कारण नुसत्या भोकांतून ओवलेली दोरी वाऱ्याने ताडपत्री फाडते. तिच्यावर दगड, विटा किंवा वाळूच्या पिशव्या ठेवू नयेत. वारा वाढला की तेच दगड घरंगळून कोणाच्या तरी डोक्यावर येतात. ओल्या पत्र्यावर किंवा वारा वाहत असताना कोणीही चढू नये, घरच्यांनी तर मुळीच नाही. वादळातून सुखरूप सुटलेली माणसे नंतरच्या आवराआवरीत शिडीवरून पडून जायबंदी होतात.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे पत्रे का उडाले. वारा घराला ढकलतो अशी आपली समजूत असते. भिंतीपुरती ती खरी आहे, पण उतार कमी असलेल्या छपराला वारा वर खेचतो. छपराच्या कडेवरून वळताना हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, तेथे दाब घटतो, आणि खालच्या हवेचा दाब पत्रा उचलायला लागतो. हे खेचणे कडांना आणि कोपऱ्यांना मधल्या भागापेक्षा बरेच जास्त असते. शिवाय दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 60 किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 17 किलो वजनाइतका असतो, तर ताशी 120 किलोमीटरला तो 70 किलोच्या आसपास जातो, आणि कोपऱ्यांवर त्याच्याही दीडपट-दुप्पट ओढ बसू शकते. याउलट अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो असते. मोठ्या वादळात पत्र्याचे छप्पर स्वतःच्या वजनाने जागेवर राहतच नाही, ते केवळ सांध्यांनी धरलेले असते.

व्हरांड्याचे दुखणे याहून वाईट. तो तिन्ही बाजूंनी उघडा असल्याने वारा त्याच्याखाली शिरून खालून वर रेटतो आणि त्याच वेळी वरून खेचतोही. तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला हेच वाटले, की व्हरांड्यावरचे पत्रे गेले आणि त्यांच्यापाठोपाठ लागून असलेल्या खोल्यांवरचे गेले. व्हरांड्याचे आणि घराचे पत्रे सलग असतील, किंवा एकमेकांवर चढवून एकाच ओळीच्या स्क्रूंनी धरलेले असतील, तर व्हरांड्याने जाताना घराचे छप्पर सोबत ओढून नेले असण्याची शक्यता मोठी आहे. नवीन काम करताना व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपरापासून बांधणीनेच वेगळे करून घ्या. त्याला स्वतःचा आधार, स्वतःचे सांधे असावेत आणि दोहोंच्या मधल्या फटीवर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी असावी. मग फार मोठ्या वादळात व्हरांडा गेलाच, तरी तो एकटा जाईल.

फुटलेल्या काचेचाही छपराशी संबंध असू शकतो. वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी किंवा दार फुटले की वारा आत कोंडतो, घरातला दाब वाढतो आणि छपराला आतून वर रेटतो. बाहेरून खेचणे अधिक आतून रेटणे मिळून छपरावरची एकूण ओढ जवळजवळ दुप्पट होऊ शकते. 24 ऑगस्ट 1992 रोजी अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडाला अँड्र्यू चक्रीवादळाचा तडाखा बसला, तेव्हाच्या नुकसानीच्या पाहणीत फुटलेल्या खिडक्या, आत ढकलली गेलेली गॅरेजची मोठी दारे आणि अपुऱ्या खिळ्यांवर बसवलेली छपरे हीच कारणे वारंवार आढळली, आणि पुढे त्या राज्यातले बांधकामाचे नियम कडक झाले. तुमच्याकडे काच आधी फुटली की पत्रे आधी उडाले, हे घरातल्या कोणाला आठवते का ते विचारा. काच आधी फुटली असेल, तर नुसते छपराचे काम करून अर्धाच दोष निघेल.

यानंतर उडालेले पत्रे आणि ते ज्यावर बसले होते ते लाकूड किंवा पाइप शेजारी ठेवून बारकाईने पाहा. मिस्त्रींनाही सोबत घ्या, पण बोट तुम्ही ठेवा. स्क्रू खालच्या आधारात घट्ट उभे असतील आणि पत्र्याला त्या जागी स्क्रूच्या डोक्यापेक्षा मोठी फाटलेली भोके असतील, तर पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटला आहे. पत्रा पातळ होता, वॉशर लहान होते किंवा दोन स्क्रूंमधले अंतर जास्त होते, असा याचा अर्थ होतो, आणि या एकाच परिस्थितीत मिस्त्रींचा जास्तीचे स्क्रू मारण्याचा उपाय लागू पडतो, तोही रुंद वॉशर आणि जाड पत्र्यासह. स्क्रू पत्र्यासकट उपटून आले असतील, तर दोष खालच्या आधारात आहे. लाकूड कुजलेले असेल, पाइपची भिंत पातळ किंवा गंजलेली असेल, किंवा स्क्रूंऐवजी गुळगुळीत खिळे मारलेले असतील, आणि कुजलेल्या लाकडात दुप्पट स्क्रू मारल्याने ते लाकूड आणखी चिरते, एवढेच. पत्र्यांसोबत आडव्या रिपाही उखडून गेल्या असतील, तर रीप आणि वासा यांचा सांधा सुटला आहे. हा सांधा बहुधा तिरप्या मारलेल्या एक-दोन खिळ्यांवर असतो आणि वरच्या ओढीला असे खिळे फारसा विरोध करत नाहीत. वासेच जागचे हलले असतील, भिंतीच्या माथ्यावर विटांचे तुकडे सुटले असतील किंवा आडवी भेग दिसत असेल, तर छप्पर आणि भिंत यांच्यातली पकडच गेली आहे. मग हे काम मिस्त्रींच्या आवाक्यातले राहत नाही, बांधकाम अभियंत्याला बोलावलेच पाहिजे.

वाऱ्याची ओढ पत्र्याकडून रिपेकडे, रिपेकडून वाशाकडे, वाशाकडून भिंतीकडे आणि भिंतीतून पायाकडे गेली पाहिजे. वाटेतला सर्वांत कच्चा सांधा तुटतो. वरचा सांधा मजबूत केला आणि खालचा तसाच ठेवला, तर पुढच्या वादळात सुटा पत्रा उडण्याऐवजी रिपांसकट अख्खा पाखा उडतो, आणि ते जास्त घातक असते. दुरुस्ती करताना रीप व वासा आणि वासा व भिंत यांच्यामध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या किंवा तयार मिळणारे सांधे वापरावेत. पट्टी वाशावरून वेढून दोन्ही बाजूंना बसवलेली असावी. नुसती एका बाजूला ठोकलेली पट्टी पुरेशी नसते. भिंतीतली पकड वरच्या दोन-चार थरांतल्या विटांत बोल्ट ठोकून मिळत नाही, कारण त्या थोड्या विटांचे वजन ओढीपुढे काहीच नसते. बोल्ट काँक्रीटच्या सलग पट्ट्यात रुजलेला असावा, आणि तुमच्या भिंतींच्या माथ्यावर असा पट्टा नसेल तर तो घालायचा की खालच्या लिंटेलपर्यंत, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईपर्यंत, सळ्या उतरवायच्या, हे अभियंत्याला विचारावे.

शाबूत दिसणाऱ्या छपराकडे मी अधिक संशयाने पाहतो. 24 आणि 25 डिसेंबर 1974 च्या दरम्यानच्या रात्री ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातले डार्विन शहर उद्ध्वस्त केले. तेथल्या विमानतळावरच्या वेगमापकाने बंद पडण्यापूर्वी ताशी 217 किलोमीटरचा झोत नोंदवला होता. नंतरच्या तपासणीत असे दिसून आले की पुष्कळ पत्रे एकाच मोठ्या झोताने फाटलेले नव्हते, तर तासन्‌तास चाललेल्या झोतांनी खालीवर होत राहिल्यामुळे खिळ्या-स्क्रूंभोवती बारीक चिरा पडत जाऊन शेवटी सुटलेले होते, तार वारंवार वाकवली की तुटते तसे. त्यानंतर त्या देशात छपराचे पत्रे वारंवार ओढ देऊन तपासण्याची पद्धत रूढ झाली. याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की जे पत्रे जागेवर राहिले त्यांनीही तोच मार खाल्लेला आहे आणि त्यांतले काही पुढच्या, कदाचित लहानशा वादळात जातील.

म्हणून उरलेल्या प्रत्येक स्क्रूची तपासणी करून घ्या, कडांपासून सुरुवात करून. स्क्रूचे भोक गोल न राहता लांबट झाले आहे का, वॉशरच्या कडेने ताऱ्यासारख्या बारीक चिरा फाकल्या आहेत का, रबरी वॉशर पिचून किंवा वाळून कडक झाला आहे का, स्क्रूपासून खाली गंजाचा ओघळ उतरला आहे का, आणि पत्रा हाताने दाबला असता तेथे खुळखुळतो का, एवढे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. चिरा दिसल्या तर त्या पत्र्याला शेजारी दुसरे भोक पाडून चालवून घेऊ नका, तो बदला. भोक नुसते सैल झाले असेल आणि खालचे लाकूड निरोगी असेल, तर जास्त जाडीचा स्क्रू आणि रुंद वॉशर पुरतो. स्क्रू आवळतानाही तारतम्य हवे, कारण रबर चपटे होऊन बाहेर फुगेपर्यंत आवळलेला वॉशर लवकर फाटतो आणि तेथूनच गळती सुरू होते.

खिडक्यांबद्दल दोन गैरसमज फार रूढ आहेत. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्याने काच मजबूत होत नाही, उलट ती फुटताना मोठे तुकडे एकत्र जोडून उडतात. आणि वादळात घरातला दाब समान राहावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. वर सांगितल्याप्रमाणे वारा आत घेणे म्हणजे छपराला आतून रेटा देणे होय. उपाय एकच, बाहेरून बसणारे भक्कम झाकण. कायमची लोखंडी किंवा लाकडी झडप परवडत नसेल, तर निदान 12 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड प्रत्येक खिडकीच्या मापाचे कापून, भोके पाडून, मागे क्रमांक घालून ठेवावे आणि ते अडकवायचे बोल्ट चौकटीभोवतीच्या भिंतीत आधीच बसवून घ्यावेत. वादळाचा इशारा आल्यावर प्लायवुड शोधायला निघालेल्या माणसाला ते मिळत नाही.

कललेल्या झाडाबद्दल एवढेच, की ते वर्षानुवर्षे तिरके वाढलेले आहे की या वादळातच कलले आहे, हे आधी ठरवा. कलाच्या विरुद्ध बाजूला बुंध्याजवळची जमीन उचकटलेली किंवा भेगाळलेली असेल, मुळे तुटलेली दिसत असतील, तर ते झाड उभे असले तरी पडलेलेच समजावे, त्याच्या रेषेतली खोली रिकामी करावी आणि जाणकारांकडून ते उतरवून घ्यावे. वजन कमी करायचे म्हणून शेंडा छाटून टाकणे हा उपाय नव्हे. छाटलेल्या जागी फुटणारे धुमारे कच्च्या पकडीचे असतात आणि पुढे तेच मोडून पडतात. फांद्यांत विजेची तार अडकलेली असेल, तर वीज कंपनीची माणसे येईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. तार निर्जीव दिसते म्हणून ती निर्जीव असतेच असे नाही.

आता यजमानांच्या रंगाकडे वळू. भिजलेल्या भिंतीवर रंग लावला की आतले पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, काही आठवड्यांत फुगे येतात, पोपडे सुटतात आणि त्यांच्यामागे बुरशी वाढते. पूर्ण भिजलेली विटांची भिंत वाळायला दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना लागतो, असा एक ढोबळ हिशेब बांधकामात धरतात. हवा कोरडी आणि खेळती असेल तर तो वेळ कमी होतो. भिंत वरून कोरडी लागते म्हणून फसू नका. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला दव धरले तर भिंत अजून ओली आहे. वाळताना भिंतीवर पांढरा क्षार फुटेल. तो कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुतला तर परत आत मुरतो. लाकडाची ओल मापकाने मोजून ती 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय त्यावर फॉल्स सीलिंग किंवा पॅनेल बसवू देऊ नका.

बुरशीला ओल मिळाली की 24 ते 48 तासांत ती वाढू लागते, तेव्हा पंधरवड्यानंतर ती तुमच्याकडे कपाटांच्या मागे आणि छताच्या कोपऱ्यांत असणार हे धरून चला. फरशी, काच, धातू असे टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करता येतात. भिजलेले जिप्सम बोर्ड, थर्माकोल आणि भुशाच्या फळ्या मात्र टाकूनच द्याव्या लागतात. घासणाऱ्याने एन-95 मास्क आणि हातमोजे वापरावेत. ब्लीच वापरायचे झाल्यास ते संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. ज्या भिंतींत वायरिंग आहे त्या भिजल्या असल्यामुळे, त्या खोल्यांचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून तोडून ठेवा, आणि इलेक्ट्रिशियनने मेगर (वायरींच्या आवरणातून वीज झिरपते का हे मोजणारे यंत्र) लावून वायरींची तपासणी केल्यावरच तो जोडा. पाणी शिरलेले एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बिघाड झाल्यास वीज आपोआप तोडणारे फलकावरचे खटके, पुसून परत वापरू नयेत, ते बदलावेत.

कामाचा करार लेखी असावा. त्यात पत्र्याची जाडी, स्क्रूचा प्रकार, कडेला आणि मध्ये दोन स्क्रूंमधले अंतर, सांध्यांच्या पट्ट्या हे सर्व नमूद करून घ्या, कारण नुसते छपराची दुरुस्ती एवढेच लिहिले तर त्यात काहीही बसवता येते. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता पहिला चांगला पाऊस होऊन छप्पर कोरडे राहिल्यावर देण्याचे ठरवा. वादळानंतर दारोदार फिरून आजच सही करा म्हणणारे ठेकेदार येतात. विम्याचे पैसे परस्पर आम्हीच वसूल करू, असे म्हणणाऱ्याच्या कागदावर सही करू नये.

विम्याची पॉलिसी या निमित्ताने नीट वाचा. घर पुन्हा बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या निम्म्याच रकमेचा विमा काढला असेल, तर ज्या पॉलिसीत सरासरीचे कलम असते तिच्यात अंशतः झालेल्या नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळते, हे अनेकांना दावा केल्यावरच कळते. वाऱ्याने झालेले नुकसान आणि पुराच्या पाण्याने झालेले नुकसान यांच्या अटी काही पॉलिसींत वेगवेगळ्या असतात, तेव्हा पाणी छपरातून आले हे तुमच्या अर्जात स्पष्ट लिहा. संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, अशा पावतीवर सही करण्यापूर्वी उरलेल्या छपराची तपासणी पुरी झालेली असावी. नंतर सापडलेल्या चिरांसाठी पुन्हा पैसे मागणे अवघड जाते.

पुढच्या वादळाआधी पन्हळी साफ हव्यात. शंभर चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तरी पाच हजार लिटर पाणी होते, आणि तुंबलेल्या पन्हळीतून ते उलटे पत्र्याखाली शिरते. इशारा मिळाला की आवारातल्या कुंड्या, खुर्च्या, सुटे पत्रे, फळ्या आत घ्या, कारण दुसऱ्याच्या घराची काच फोडणारी वस्तू बहुधा अशीच असते. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून निदान सहा मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो आणि तो झोपेतच घात करतो. चक्रीवादळात मध्येच वारा एकदम पडला, तर ते वादळाचे केंद्र डोक्यावरून जात असू शकते. त्यानंतर वारा विरुद्ध दिशेने तितक्याच जोराने येतो, म्हणून तेवढ्यात पत्रे पाहायला कोणी बाहेर पडू नये.

सगळे एकदम करण्याइतके पैसे हाताशी नसतील, हे मी गृहीत धरतो. तसे असल्यास पहिला खर्च वासा आणि भिंत यांच्या सांध्यांवर करावा, दुसरा छपराच्या कडा, कोपरे आणि आढे यांच्यावर, म्हणजे घराच्या रुंदीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के इतक्या पट्ट्यावर, आणि तिसरा खिडक्यांच्या झाकणांवर. मधल्या भागातले चांगले पत्रे आणखी एक हंगाम चालवता येतील, व्हरांडाही वर्षभर उघडा राहिला तर काही बिघडत नाही. भिंती वाळेपर्यंत रंगाचे काम तसेही होणार नाही, तेव्हा त्यासाठी बाजूला काढलेले पैसे आधी सांध्यांच्या पट्ट्यांसाठी खुशाल वापरावेत, असे यजमानांना माझ्या वतीने सांगा.